गिव्ह अप, पुट ऑफ, गो ऑफ: इंग्रजी क्रियापदाला शेपटी लागली की अर्थ कुठं जातो? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव-भुसावळ पट्ट्यातली पोरं बँक, एसएससी, रेल्वेची तयारी करतात, संध्याकाळी क्लासला येतात आणि मग रात्री व्हॉट्सॲपवर फ्रेजल व्हर्बचे तेच तेच प्रश्न टाकतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवू. क्रमानं वाचलंच पाहिजे असं काही नाही, आपला प्रश्न शोधा, तेवढं वाचा, बाकीचं सवडीनं.

सर, फ्रेजल व्हर्ब म्हणजे नेमकं काय?

एक साधं क्रियापद आणि त्याच्या मागं एक छोटा शब्द. अप, डाऊन, इन, आऊट, ऑन, ऑफ, ओव्हर, अवे, बॅक, थ्रू हे ते छोटे शब्द, त्यांना पार्टिकल म्हणतात. दोघं मिळून एक नवीन क्रियापद तयार होतं आणि त्याचा अर्थ बऱ्याचदा दोघांच्या बेरजेतून निघत नाही, तिथंच आपली पोरं फसतात. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. ट्रॅक्टर तोच असतो बघा, मागं नांगर जोडला तर नांगरट, रोटाव्हेटर जोडला तर ढेकळं फुटतात, ट्रॉली जोडली तर केळीचे घड वाहतो.

आता 'पुट' घ्या. 'पुट ऑन' म्हणजे कपडे घालणे, आणि वजन वाढलं तरी 'पुट ऑन वेट'. 'पुट ऑफ' म्हणजे पुढं ढकलणे. 'पुट आऊट' म्हणजे आग किंवा दिवा विझवणे. 'पुट अप' म्हणजे पाहुण्याला घरी उतरवून घेणे. 'पुट डाऊन' म्हणजे चारचौघात एखाद्याचा पाणउतारा करणे. 'पुट थ्रू' म्हणजे फोन जोडून देणे, आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूटपणे सहन करणे. पुट म्हणजे ठेवणे एवढ्यावर जो थांबला त्याला यातलं निम्मंही कळणार नाही.

मग क्रियापदामागं ऑन, इन, अप दिसलं की ते फ्रेजल व्हर्बच समजायचं का?

नाही. ते साधं प्रीपोझिशन, म्हणजे पुढच्या नामाशी जोडलेला शब्द, पण असू शकतं. दोन वाक्यं शेजारी ठेवा: 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल'. पहिल्यात गडी टेकडी पळत चढला, इथं 'अप' हा टेकडीचा सोबती आहे, कुठं पळाला ते सांगतो. दुसऱ्यात गड्यानं किराणा दुकानात उधारी वाढवून ठेवली, इथं 'अप' हा 'रॅन'ला चिकटलाय.

ओळखायची सोपी टेस्ट अशी की तो छोटा शब्द उचलून शेवटी नेऊन बघायचा. 'ही रॅन अ बिल अप' चालतं. 'ही रॅन द हिल अप' चालत नाही, कानाला लगेच खटकतं. अजून एक जोडी, 'लुक अप द वर्ड' म्हणजे डिक्शनरीत शब्द बघणे, आणि 'लुक अप द स्टेअर्स' म्हणजे जिन्यावर नजर टाकणे. शब्द 'लुक द वर्ड अप' असा फिरवता येतो, जिना नाही फिरत.

ऐकताना अजून एक खूण मिळते. पार्टिकल असेल तर बोलणारा त्यावर जोर देतो, 'टर्न इट ऑफ' म्हणताना 'ऑफ' ठसक्यात येतो. प्रीपोझिशन असेल तर तो बहुतेक वेळा गिळल्यासारखा जातो, 'लुक ॲट मी' मधला 'ॲट' ऐकून बघा.

अर्थाचा अंदाज लावता येतो का, की सगळं पाठच?

थोडा येतो. काहींमध्ये अर्थ सरळ दिशेचाच असतो, 'सिट डाऊन', 'कम इन', 'गो आऊट', यात शिकण्यासारखं काही नाही. काहींमध्ये क्रियापदाचा अर्थ जागेवर राहतो आणि पार्टिकल त्याला फक्त रंग देतो. आणि काही अशी असतात की दोन्ही शब्द माहीत असून उपयोग शून्य, 'पुट अप विथ' कितीही वेळ बघत बसा, त्यातून सहन करणे निघत नाही.

मधला जो गट आहे ना, त्यावर वेळ घालवा, तिथं फायदा जास्त आहे. 'अप'चं बघा. 'ईट' म्हणजे खाणे, 'ईट अप' म्हणजे ताट साफ करून खाणे. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'ड्रिंक अप' म्हणजे पिऊन संपवणे, 'लॉक अप' म्हणजे सगळं नीट कुलूपबंद करणे. इथं वर जाण्याचा काही संबंध नाही, काम पूर्ण झालं, शेवटाला गेलं एवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की 'टिडी अप', 'फिनिश अप' पहिल्यांदा भेटले तरी अडत नाही.

'आऊट'चे मला दोन धागे दिसतात. एक संपण्याचा: 'रन आऊट' म्हणजे संपणे, 'सेल आऊट' म्हणजे माल खपणे, 'डाय आऊट' म्हणजे नामशेष होणे, 'वेअर आऊट' म्हणजे झिजणे. दुसरा लपलेलं बाहेर येण्याचा: 'फाईंड आऊट', 'फिगर आऊट', 'पॉइंट आऊट'. 'ऑफ'मध्ये तुटणे, वेगळं होणे, थांबणे असं काहीतरी असतं, 'कट ऑफ', 'कॉल ऑफ', 'स्विच ऑफ', विमानाचं 'टेक ऑफ' म्हणजे जमीन सोडणे. 'ऑन'मध्ये चालू राहणे असतं, 'कॅरी ऑन', 'गो ऑन', 'कीप ऑन'. 'अराऊंड'मध्ये बिनकामाचं फिरणं, 'हँग अराऊंड' म्हणजे चौकात टपरीवर उभं राहून वेळ घालवणे, हे सांगायला नको.

पण हा नियम नाही, कल आहे. 'ऑफ' म्हणजे थांबणे असं धरून बसलात तर पुढचा प्रश्न वाचा.

'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे अलार्म बंद झाला ना?

नाही, वाजला! हा प्रश्न दर बॅचला येतो आणि जवळजवळ सगळा वर्ग चुकतो. अलार्म 'गो ऑफ' होतो म्हणजे वाजायला लागतो. बॉम्ब 'गो ऑफ' होतो म्हणजे फुटतो. बंदूक 'वेंट ऑफ' म्हणजे गोळी सुटली. आणि लाईट 'वेंट ऑफ' म्हणजे मात्र लाईट गेली. दूध 'वेंट ऑफ' म्हणजे नासलं, हे ब्रिटिश इंग्रजीत. मीटिंग 'वेंट ऑफ वेल' म्हणजे मीटिंग छान पार पडली. आणि ब्रिटिश माणूस 'आय हॅव गॉन ऑफ शेवभाजी' असं म्हणाला तर त्याला शेवभाजी आता आवडेनाशी झाली (असा माणूस आपल्याकडं भेटणं अवघड आहे ते सोडा).

हे असं का, तर 'ऑफ'चा मूळ भाव सुटणे असा धरा. अलार्ममधला आवाज सुटला, बंदुकीतली गोळी सुटली, अडकवून ठेवलेलं काहीतरी निसटलं. दिव्याच्या बाबतीत करंटशी नातं सुटलं. असं बघितलं की दोन्ही अर्थ एकाच खुंटीला टांगता येतात. ही फक्त लक्षात ठेवायची युक्ती आहे हां, दूध का नासलं याचं उत्तर त्यातून काढायला जाऊ नका.

यातून कामाची गोष्ट अशी की अर्थ ठरवताना क्रियापदाइतकंच 'कोण' आणि 'काय' याच्याकडं बघायचं. अलार्म आहे का, दूध आहे का, बंदूक आहे का. पर्याय वाचायच्या आधी वाक्यातलं नाम वाचा. परीक्षेत जे सापळे लावतात ते नेमके इथंच, म्हणजे पर्यायात 'बंद झाला' पण देतात आणि 'वाजला' पण.

आपल्या भाषेत असलं काही नाहीच, म्हणून अवघड जातं का?

कोण म्हणतं नाही? 'लिही' घ्या. लिहून टाक, लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे, लिहून काढ. पाचही वेगळी. 'लिहून टाक' म्हणजे एकदाचं उरकून मोकळा हो, 'लिहून ठेव' म्हणजे पुढं लागेल, 'लिहून घे' म्हणजे मी सांगतो तू उतरव, 'लिहून दे' म्हणजे दुसऱ्यासाठी किंवा सहीनिशी, 'लिहून काढ' म्हणजे सगळंच्या सगळं. यातलं 'टाक' म्हणजे काही उचलून फेकायचं नसतं, 'ठेव' म्हणजे फळीवर ठेवायचं नसतं. बाहेरच्या माणसाला हे शिकवायला बसा, घाम फुटेल तुम्हाला. अहिराणीत घरोघरी हेच चालतं, आजी नुसतं 'खाय' म्हणून थांबत नाही, 'खाई ले' म्हणते, आणि ते 'ले' ऐकलं की त्यातली माया पण कळते आणि आग्रह पण.

संस्कृतात तर हे श्लोकातच बांधून ठेवलंय, शाळेत संस्कृत घेतलेल्यांना आठवेल: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. म्हणजे उपसर्ग धातूचा अर्थ जबरदस्तीनं दुसरीकडं ओढून नेतो, जसं प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. पाचांच्या मुळाशी 'हृ' हा एकच धातू, पण एकात मारणं, एकात खाणं, एकात नाश. फरक एवढाच की संस्कृतात तो तुकडा पुढं जोडतात, इंग्रजीत मागं.

मात्र एक सावधगिरी. मराठीतलं दुसरं क्रियापद बोलणाऱ्याचा भाव जास्त सांगतं, काम कुणासाठी केलं, उरकलं का, चुकून झालं का. इंग्रजी पार्टिकल दिशा आणि शेवट जास्त सांगतो. म्हणून 'लिहून ठेव' साठी 'राईट डाऊन' आणि 'लिहून काढ' साठी 'राईट आऊट' जुळतं ते ठीक, पण 'राईट ऑफ' म्हणजे 'लिहून टाक' असं कुणी समजलं तर गोंधळ झालाच, कारण 'राईट ऑफ' म्हणजे बुडीत धरणे, बँक कर्ज 'राईट ऑफ' करते ते.

'पिक अप इट' का चुकतं? 'पिक अप द फोन' तर बरोबर आहे.

कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात, 'पिक अप द फोन' आणि 'पिक द फोन अप'. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे इट, हिम, हर, देम, मी, अस, तर ते मध्येच बसणार. 'पिक इट अप', 'कॉल हिम बॅक', 'टर्न देम डाऊन'. इथं तडजोड नाही.

पण हे फुटणाऱ्या, म्हणजे मध्ये कर्म घेणाऱ्या क्रियापदांचं झालं. काही फुटतच नाहीत, वरची शेवटी न्यायची टेस्ट त्यांना लागू नाही, 'लुक आफ्टर', 'लुक फॉर', 'टेक आफ्टर', 'रन इंटू', 'गेट ओव्हर'. तिथं सर्वनाम पण शेवटीच: 'लुक आफ्टर हिम', 'शी टेक्स आफ्टर हर', म्हणजे ती तिच्यावर गेलीय, आईवर किंवा आजीवर. 'लुक हिम आफ्टर' असं कधी लिहू नका.

कुठलं फुटतं आणि कुठलं नाही हे ओळखायचं कसं, तर आफ्टर, फॉर, इंटू, ॲट, विथ असलं तर सहसा फुटत नाही, कारण ती मुळात प्रीपोझिशनंच आहेत. अप, आऊट, ऑफ, डाऊन, अवे, बॅक असलं आणि पुढं कर्म असलं तर सहसा फुटतं. 'ओव्हर' आणि 'थ्रू' दोन्हीकडं जातात, ते एकेक करूनच शिकावे लागतात. आणि कर्म लांबलचक असेल तर मध्ये कोंबू नका, 'ही टर्न्ड डाऊन द ऑफर दॅट द ट्रेडर मेड यस्टरडे' असंच लिहा, 'डाऊन' शेवटी नेलं तर वाचणारा वाटेतच हरवतो.

तीन शब्दांची पण असतात का?

असतात, आणि ती सहसा फुटत नाहीत. 'पुट अप विथ', 'रन आऊट ऑफ', 'लुक डाऊन ऑन', 'गेट अवे विथ', 'कॅच अप विथ', 'कम अप विथ'. यातलं सगळ्यात जास्त मार्क खाणारं म्हणजे 'लुक फॉरवर्ड टु'. अर्जाच्या शेवटी पोरं लिहितात 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू', ते चूक, 'टु मीटिंग यू' पाहिजे. हा 'टु' इन्फिनिटिव्हचा, म्हणजे मूळ क्रियापदाआधी येतो तो नाही, प्रीपोझिशन आहे, त्यामुळं पुढं नाम किंवा आयएनजी. 'गिव्ह अप'चं पण तसंच, 'ही गेव्ह अप च्युइंग टोबॅको' बरोबर, 'गेव्ह अप टु च्यू' नाही.

काळ बदलला की शेवटच्या शब्दाला एस, ईडी लावायचं का?

अजिबात नाही. बदल फक्त क्रियापदात. 'गिव्ह्ज अप, गेव्ह अप, गिव्हन अप'. पार्टिकलला हात लावायचा नाही.

पॅसिव्हमध्ये (कर्मणी प्रयोगात) तो छोटा शब्द गळतो का?

गळता कामा नये. 'दे लाफ्ड ॲट हिम' चं 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय देम', म्हणजे 'ॲट बाय' असं एकापुढं एक येतं आणि पोरांना ते विचित्र वाटतं म्हणून ती 'ॲट' खाऊन टाकतात. तसंच 'द चाईल्ड वॉज लुक्ड आफ्टर बाय हिज आजोबा'. एसएससी सीजीएल या पदवीधरांच्या भरती परीक्षेत टियर वनमध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, इंग्रजीचे २५ प्रश्न असतात, त्यात व्हॉइस (ॲक्टिव्ह-पॅसिव्ह) आला तर पर्याय बघताना आधी हेच तपासा, छोटा शब्द गाळलेला पर्याय पहिल्या झटक्यात बाद.

भुसावळला ट्रेनमधून 'गेट डाऊन' व्हायचं की 'गेट ऑफ'?

आपण सगळे 'गेटिंग डाऊन ॲट भुसावळ' म्हणतो, भारतभर म्हणतात आणि टीसीला पण कळतं. पण परीक्षेत आणि बाहेरच्या माणसाशी बोलताना 'गेट ऑफ'. ट्रेन, एसटी, विमान, मोटरसायकल यांना 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ'. कार, टॅक्सी, रिक्षा यांना 'गेट इन' आणि 'गेट आऊट ऑफ'. ढोबळ खूण अशी की ज्यात उभं राहून दोन पावलं चालता येतं किंवा ज्याच्यावर टांग टाकून बसतो ते 'ऑन-ऑफ', ज्यात वाकून शिरावं लागतं ते 'इन-आऊट'.

'गेट डाऊन' पण आहे, शिडीवरून, झाडावरून, भिंतीवरून उतरायला. आणि दुसरा अर्थ खचवणे असा, तो तर आपल्यासाठीच केल्यासारखा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं गेला, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, कूलर पण गरम हवा फेकतोय, तेव्हा म्हणायचं 'धिस हीट इज गेटिंग मी डाऊन'.

'आय पास्ड आऊट इन २०२२' यात काय चुकलं? आमच्या कॉलेजात सगळे असंच म्हणतात.

भारतात चालतं, लंडनमध्ये समोरचा विचारेल की मग दवाखान्यात नेलं का. 'पास आऊट' म्हणजे बाहेरच्या इंग्रजीत बेशुद्ध पडणे. लष्करात प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांची 'पासिंग आऊट परेड' ब्रिटिश पण म्हणतात, पण कॉलेजसाठी 'आय ग्रॅज्युएटेड इन २०२२' लिहा.

आपल्याकडं जास्तीचं शेपूट लावायची पण सवय आहे. 'कोप अप विथ' नसतं, 'कोप विथ'. 'डिस्कस अबाऊट' नसतं, नुसतं 'डिस्कस'. 'रिटर्न बॅक' मध्ये 'बॅक' कशाला, 'रिटर्न'मध्ये परत आहेच. 'ऑर्डर फॉर टू प्लेट्स' नाही, वेटरला सांगताना 'ऑर्डर टू प्लेट्स'. उलट जिथं पाहिजे तिथं आपण गाळतो, 'पिक द फोन' म्हणतो, पाहिजे 'पिक अप'. आणि 'ऑफ द फॅन', 'ऑन द लाईट' यात तर क्रियापदच पळवून लावलं, 'टर्न' किंवा 'स्विच' लावा पुढं.

माझं मत विचाराल तर आपसात बोलताना यातलं काहीच गुन्हा नाही, भारतीय इंग्रजी ही पण एक इंग्रजीच आहे, पण पेपर तपासणारा भावकीतला नसतो.

फॉर्म 'फिल अप' करायचा, 'फिल इन' की 'फिल आऊट'?

'फिल इन' ब्रिटिश, 'फिल आऊट' अमेरिकन, दोन्ही बरोबर आणि अर्थ एकच, इन आणि आऊट एकमेकांच्या विरुद्ध असून सुद्धा. 'फिल अप' गाडीची टाकी. अशी गंमत अजून एक, 'स्लो डाऊन' आणि 'स्लो अप' दोन्हीचा अर्थ वेग कमी करणे.

'टेक ओव्हर' आणि 'ओव्हरटेक' एकच ना?

नाही. छोटा शब्द पुढं गेला की क्रियापदच वेगळं होतं. एनएच ५३ वर जळगावहून धुळ्याकडं जाताना समोरच्या ट्रकला तुम्ही 'ओव्हरटेक' करता. दुसऱ्याची कंपनी ताब्यात घेता तेव्हा 'टेक ओव्हर'. 'लुक ओव्हर' म्हणजे कागदावरून नजर फिरवून तपासणे आणि 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे, दुर्लक्ष होणे, म्हणजे जवळजवळ उलटंच. 'सेट अप' म्हणजे उभारणे, 'अपसेट' म्हणजे नाराज. 'होल्ड अप' म्हणजे अडवून ठेवणे किंवा उशीर करवणे, 'अपहोल्ड' म्हणजे निर्णय कायम ठेवणे, कोर्टाच्या बातमीत हमखास असतं.

याच्या मागं इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत हे तुकडे क्रियापदाच्या पुढं चिकटायचे, 'अंडरस्टँड', 'ओव्हरकम', 'विथस्टँड' हे त्याच जमान्यातले उरलेले. नंतर हळूहळू तुकडे सुटून मागं गेले. त्यात १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं, राजवाड्यात आणि कोर्टात फ्रेंच आली, लॅटिन आधीपासून चर्चमध्ये होतीच, त्यामुळं एकाच गोष्टीला दोन दोन शब्द झाले, एक वजनदार आणि एक घरगुती. 'एक्स्टिंग्विश' आणि 'पुट आऊट', 'पोस्टपोन' आणि 'पुट ऑफ', 'टॉलरेट' आणि 'पुट अप विथ', 'इन्व्हेस्टिगेट' आणि 'लुक इंटू'.

आणि हे आपल्यालाच अवघड जातं असं मुळीच नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली इंग्रजीची मोठी डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच तो लिहून गेलाय की परदेशी माणसाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो क्रियापदाला मागून लावलेल्या पार्टिकलचा. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव तर बरंच नंतर रुळलं, लोगन पिअर्सल स्मिथनं १९२५ मध्ये ते वापरलं आणि हे नाव आपल्याला हेन्री ब्रॅडलीनं सुचवलं असं सांगून टाकलं, हा ब्रॅडली ऑक्सफर्ड डिक्शनरीचा एक संपादक.

मग अर्जात, निबंधात फ्रेजल व्हर्ब वापरायचे की नाही? एका क्लासमध्ये सांगितलं सगळे टाळा.

सगळे टाळा हा सल्ला अर्धवट आहे. 'कॅरी आऊट', 'सेट अप', 'पॉइंट आऊट' हे सरकारी अहवालात पण सापडतात, त्यात काही गावंढळ नाही. टाळायचे ते बोलण्यातले सैल शब्द, 'मेस अप', 'हँग अराऊंड', 'चिल आऊट'. मॅनेजरला पत्र लिहिताना 'प्लीज लुक इंटू द मॅटर' एकदम सभ्य आहे. आणि उलट बाजूनं, मित्राला 'आय एक्स्टिंग्विश्ड द लॅम्प' म्हणालात तर तो हसेल.

'लॉगिन' एक शब्द की दोन?

क्रियापद असेल तर दोन, नाम असेल तर एक, कधी मध्ये आडवी रेघ. 'आय लॉग इन' पण 'माय लॉगिन'. 'द कार ब्रोक डाऊन' पण 'अ ब्रेकडाऊन'. 'चेक आऊट' होता तेव्हा दोन, 'चेकआऊट टाईम' लिहिता तेव्हा एक. उच्चारात पण फरक, नामात जोर पहिल्या तुकड्यावर येतो. आपण मराठीत उचलली ती बहुतेक नामंच आहेत, मेकअप, चेकअप, बॅकअप, सेटअप, लॉकडाऊन, आणि केळी भरायला गावात येते ती पिकअप. म्हणूनच पोरं इंग्रजीत पण 'आय विल पिकअप यू' असं जोडून लिहितात, तिथं दोन चुका एकदम, जोडलं पण आणि 'यू' बाहेर ठेवलं पण. 'आय विल पिक यू अप'.

पाठ कसे करायचे सर? पाचशेची लिस्ट आहे, रोज वीस करतो आणि आठवड्यात विसरतो.

लिस्ट बाजूला ठेवा. 'गेट'चे पंधरा, 'टेक'चे पंधरा असं एका क्रियापदाखाली लावलेली लिस्ट सगळ्यात वाईट, कारण सगळे सारखे दिसतात आणि डोक्यात एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा एक प्रसंग धरा, आपल्या घरातला, आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत इंग्रजीत सांगा.

रावेर-यावलकडच्या पोरांसाठी मी केळी कापायचा दिवस देतो. सकाळी पाचला डोळे उघडले, 'वोक अप', पण अंथरूण सोडलं साडेपाचला, 'गॉट अप'. मजूर येतील का नाही धाकधूक होती, पण आले, 'दे टर्न्ड अप'. घड 'कट डाऊन' केले, पिकअप 'लोडेड अप' केली, सावद्याकडं निघालो, 'वी सेट ऑफ'. वाटेत गाडी बंद पडली, 'ब्रोक डाऊन', बघतो तर डिझेलच संपलेलं, 'वी हॅड रन आऊट ऑफ डिझेल'. व्यापाऱ्यानं भाव पाडला, 'ही बीट अस डाऊन', वडिलांनी पहिला भाव धुडकावला, 'ही टर्न्ड डाऊन द ऑफर', शेवटी व्यापारी नरमला, 'ही गेव्ह इन'. पैसे हातात दिले, 'ही हँडेड ओव्हर द मनी', आणि सोसायटीचं कर्ज फेडून टाकलं, 'वी पेड ऑफ द लोन'. बघा किती झाले, आणि एक पण विसरणार नाही कारण क्रम तुमच्या डोक्यात आधीच आहे.

यात 'टर्न अप' आणि 'टर्न डाऊन' दोन्ही आले पण एक मजुरांना चिकटला आणि एक भावाला, त्यामुळं गोंधळ होत नाही. (आवाज वाढवणं-कमी करणं पण 'टर्न अप' आणि 'टर्न डाऊन'च, तिथं मात्र ते खरंच एकमेकांच्या उलट.) वहीत लिहिताना पण कधी नुसतं 'कॉल ऑफ: रद्द करणे' लिहू नका, 'कॉल ऑफ द मॅच' लिहा, काय रद्द झालं ते सोबत पाहिजे. ज्यांच्याकडं शेती नाही त्यांनी लग्नाचा दिवस धरा, किंवा पुण्याला जायचा प्रवास, किंवा क्रिकेटची मॅच, काही पण चालेल.

डिक्शनरीत हे सापडतच नाहीत.

'पी' मध्ये 'पुट अप विथ' असं वेगळं शोधत बसता म्हणून. छापील डिक्शनरीत 'पुट' काढा, त्याचे सगळे अर्थ संपले की तळाशी फ्रेजल व्हर्ब असा भाग असतो. लर्नर डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेली, घ्या, साधी खिशातली नको. काही लर्नर डिक्शनऱ्यांत फुटणाऱ्या क्रियापदाला दुहेरी बाणाची खूण असते, ती बघितली की 'इट' कुठं बसवायचं हा प्रश्नच मिटतो.

'मेक आऊट'चा अर्थ विचारला तर वर्गात सगळे हसले. का?

कारण ते अमेरिकन सिरीज बघतात. मेक आऊट म्हणजे कसंबसं ओळखू येणे, वाचता येणे: 'आय कुडन्ट मेक आऊट हिज हँडरायटिंग', डॉक्टरच्या चिठ्ठीसाठी अगदी योग्य. अमेरिकन बोलण्यात त्याचा प्रेमी जोडप्याशी संबंध असलेला अर्थ पण आहे. पेपरात पहिलाच येतो, बिनधास्त लिहा.

मोबाईलवरचं ट्रान्सलेशन चालतं का?

अख्खं वाक्य टाकलंत तर बऱ्यापैकी चालतं. नुसतं 'गो ऑफ' टाकलंत तर ते कुठलातरी एकच अर्थ देणार, आणि तुमचा अलार्म पुन्हा बंद होणार.